‘डेझी’ की ‘डेझी ओ सो फ्रेश’? सारख्याच वाटणाऱ्या दोन परफ्युममधून निवडायचं कसं?

दोन्ही बाटल्यांच्या झाकणांवर डेझीची फुलं, नावंही जवळपास एकच. कागदी पट्टीवर फवारून पाहिलं तर दोन्ही वास फळाफुलांचे, गोडसर. मोजायचे असतात हजारो रुपये आणि उघडलेली बाटली दुकानदार सहसा परत घेत नाही. मग घ्यायची कोणती?

मार्क जेकब्सचा ‘डेझी’ आला २००७ मध्ये आणि ‘ओ सो फ्रेश’ २०११ मध्ये. दोन्ही घडवले अल्बेर्तो मोरिलास यांनीच, त्यामुळे घराणं एक. पहिल्यात सुरुवातीला रानस्ट्रॉबेरी आणि व्हायोलेटच्या पानांचा हिरवट वास येतो, मग गार्डेनिया. गार्डेनिया म्हणजे आपल्या अंगणातला अनंत! दुसऱ्यात रास्पबेरी, पेअर, ग्रेपफ्रूट पुढे असतात आणि फुलं मागे. थोडक्यात, एकात फुलांना फळाची फोडणी, दुसऱ्यात उलटं.

गंमत म्हणजे या ‘फळां’मध्ये खरं फळ जवळजवळ नसतंच. गुलाबाचं तेल काढतात तसं स्ट्रॉबेरीचं सुगंधी तेल निघत नाही. तो वास प्रयोगशाळेतल्या रेणूंनी उभा करावा लागतो. सुरुवातीचे हे रेणू हलके असतात, पंधरा-वीस मिनिटांत बरेचसे उडून जातात. फसगत होते ती इथेच. दुकानात दोन मिनिटांत जो वास आवडतो, तो दिवसभर सोबत राहणारच नसतो.

म्हणून एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरा फवारायचा आणि सरळ दुकानाबाहेर पडायचं. अर्ध्या तासाने एकदा वास घ्यायचा, तीन-चार तासांनी पुन्हा. मध्ये नाक थकलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्यावा. दुकानातल्या कॉफीच्या बियांचा बोलबालाच जास्त.

शेवटी उरतो तो मस्क. काहींच्या नाकाला मस्कचे काही प्रकार जाणवतच नाहीत. त्यांना वाटतं परफ्युम उडाला, आणि शेजारी बसलेल्याला मात्र तो स्पष्ट येत असतो. त्यामुळे ‘टिकत नाही’ असं ठरवण्याआधी सोबतच्या माणसाला विचारलेलं बरं.

दोन्ही ‘ओ द त्वालेत’ आहेत, म्हणजे तसे हलकेच. उन्हाळ्यात लोकलने ऑफिस गाठायचं असेल तर ‘ओ सो फ्रेश’ बरा. अनंत, मोगरा आवडणाऱ्यांना ‘डेझी’ जवळचा वाटेल. आणि चार तासांनंतरही दोन्ही मनगटं सारखीच वाटली, तर सरळ स्वस्त पडेल ती बाटली घ्यावी, तीही लहान.