अडकलेली उधारी आणि थांबलेला माग

गरीब देशांचा विकास का खुंटतो, यावर जगात मोठमोठ्या परिषदा भरतात. भांडवल, हुन्नर, शिक्षण आणि आरोग्य या चार गोष्टींची टंचाई, असे उत्तर त्यांतून निघते. आम्हा कापड व्यापाऱ्यांना ते समजून घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यातच भिवंडी आहे आणि शेजारी कल्याण-डोंबिवली.

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे बऱ्याच गिरण्या सावरल्याच नाहीत आणि विणकाम यंत्रमागांकडे वळले. भिवंडी आधीपासूनच मागांचे गाव. ते आणखी फुगत गेले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती. इथले ग्रे कापड रंगाई-छपाईला डोंबिवलीसारख्या औद्योगिक वसाहतींत जाते आणि तयार माल कल्याण-उल्हासनगरच्या बाजारात येतो. म्हणून एक माग थांबला की रंगाऱ्यापासून हमालापर्यंत अनेकांच्या चुलीवर परिणाम होतो.

छोट्या मागवाल्याचा हिशेब पाहा. सूत व्यापाऱ्याचे, माग याचा, मजुरी मीटरवर. मजुरीचे पैसे दोन-दोन, तीन-तीन महिने अडकतात. विजेचे बिल मात्र दर महिन्याला येते आणि कारीगराला पगार वेळेवर द्यावा लागतो. मग सावकाराकडून रक्कम उचलायची, नवा माग घेण्याचा विचार पुढे ढकलायचा आणि जुन्या सावकाश मागावरच धंदा रेटायचा. कापडात दोष राहतात, भाव कमी मिळतो, कर्ज वाढते. शेवटी मुलाची शाळा सुटते आणि तो मागावर उभा राहतो. गरीब देशांचे दुष्टचक्र म्हणतात ते हेच.

अशा धंद्याला धक्का सोसत नाही. २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी यांनी ते दाखवून दिले. मे २०२० च्या आरंभी भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली, पण त्याआधीच कित्येक कारीगर मुंबई-नाशिक रस्त्याने पायी निघाले होते. हातात शिल्लक नसेल तर कुशल माणूससुद्धा किती लाचार होतो, हे सर्वांनी पाहिले. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्येच नोंदवले होते की मुसलमानांत स्वतःच्या धंद्यावर जगणारे जास्त, पण बँकेच्या कर्जातील त्यांचा वाटा कमी.

यातून वाट निघते का? बांगलादेशाकडे पाहावे. १९७९ मध्ये तिथल्या देश गारमेंट्स या कंपनीने १३० माणसे शिकण्यासाठी दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीत पाठवली. त्यांतील बहुतेकांनी पुढे ती कंपनी सोडून दुसरे कारखाने उभारले किंवा चालवले आणि हुन्नर देशभर पसरला. परदेशी ऑर्डरच्या पतपत्रावर कापड आणण्याची सोय बँकांनी दिली, म्हणून मोठे भांडवल नसलेल्यालाही कारखाना काढता आला. अर्थात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक जीव गेले, हेही विसरता येत नाही. कारीगराच्या जिवाची किंमत न धरणारी प्रगती टिकत नाही.

आपल्याकडे पहिली गरज उधारी वेळेवर सुटण्याची आहे. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला जोर आला: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते चुकते होईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. फक्त माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. माग चालवणाऱ्याला आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि ती विनामूल्य होते.

या नियमामुळे नोंदणी नसलेल्यांकडूनच माल घ्यावा, अशी भाषा बाजारात ऐकू आली. त्या भीतीने मागवाल्यांनी कागदापासून दूर राहिले तर ते कायमचे सावकाराच्या दारी राहतील. सर्वांनी मिळून नोंदणी केली, तर खरेदीदार जाणार कुठे? आणि उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, ही ताकीद तर आपल्याला सूरह बकरात चौदाशे वर्षांपूर्वीच मिळालेली आहे.

व्यापारी बांधवांना आमची विनंती एवढीच की चलनावर तारीख घाला, मुदत लिहा आणि मुदतीत पैसे मोकळे करा. मागवाल्याच्या हाती वेळेवर आलेला पैसा यंत्रात जाईल, कारीगराच्या पगारात जाईल आणि त्याच्या मुलाच्या फीमध्ये जाईल. त्यासाठी सरकारी योजनेची वाट पाहण्याची गरज नाही.