स्थलांतरी पक्ष्यांचे सामूहिक मृत्यू आणि नागरिकांच्या नोंदी

सन २०२० च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र-चाचणी क्षेत्रात काही मृत पक्षी आढळले. ही स्थानिक घटना असावी, असे प्रथम वाटले. परंतु सप्टेंबरमध्ये कोलोरॅडो, ॲरिझोना व टेक्सास या राज्यांतूनही तशाच वार्ता येऊ लागल्या. भिंगऱ्या, माशीमार आणि आपल्याकडील वटवट्यांसारखे दिसणारे, जेमतेम सात-आठ ग्रॅम वजनाचे कीटकभक्षी पक्षी ठिकठिकाणी मरून पडत होते. त्यांतील बहुतेक हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे निघालेले प्रवासी होते. मृतांची संख्या काही लाख असावी, असा अंदाज काही संशोधकांनी वर्तविला. नेमकी मोजणी मात्र होऊ शकली नाही.

एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात शासकीय कर्मचारी कोठे कोठे पोहोचणार? म्हणून न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठातील संशोधकांनी ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर नागरिकांकडून नोंदी मागविल्या. मृत पक्ष्याचे छायाचित्र, स्थळ व दिनांक एवढेच हवे होते. पक्ष्याची जात ओळखता आली नाही तरी चालत असे. ते काम जाणकार करीत.

मृत्यूच्या कारणाविषयी मात्र दोन मते पुढे आली, आणि या प्रकरणाचा खरा बोध तेथेच आहे. विस्कॉन्सिनमधील राष्ट्रीय वन्यजीव आरोग्य केंद्रात कलेवरांचे शवविच्छेदन झाले. पोट रिकामे, छातीचे स्नायू झिजलेले, शरीरात मेद नाही, अशी बहुतेकांची अवस्था होती. रोग वा कीटकनाशकाची विषबाधा आढळली नाही. ते उपासमारीने खंगले होते. त्यातच सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अवेळी थंडीची लाट आली. डेन्व्हर येथे ५ सप्टेंबरला सुमारे ३८ अंश सेल्सिअस तापमान होते आणि ८ सप्टेंबरला हिमवर्षाव झाला! अशा थंडीत उडते कीटक दिसेनासे होतात आणि त्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांचे अन्नच तुटते.

सन २०२१ मध्ये ‘जिओहेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने नागरिकांच्या नोंदी नकाशावर मांडल्या. त्यात मृत्यूंचा संबंध थंडीपेक्षा वणव्यांशी व त्यांतून पसरलेल्या विषारी वायूंशी अधिक दिसला. त्या वर्षी एकट्या कॅलिफोर्नियात ४० लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले होते. ही मते परस्परांना छेद देतातच असे नाही. धुरामुळे वाट सोडून, पुरेसा मेद न साठवता निघालेला पक्षी थंडीत आधी मरणार, हे उघड आहे. कलेवर मृत्यू कसा आला ते सांगते. तो कोठे व केव्हा आला, हे विखुरलेल्या नोंदींवाचून कळत नाही. अर्थात जेथे माणसे फिरतात तेथेच नोंदी होतात. निर्जन वाळवंट नकाशावर कोरेच राहते. म्हणून ‘आज फिरलो, मृत पक्षी आढळला नाही’ ही नोंदही तितकीच मोलाची.

वेळेवर मिळालेल्या वार्तेचे मोल भारतातही दिसून आले आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील सांभर सरोवरावर बोटुलिझममुळे हजारो पक्षी दगावले. या विकारात कलेवरांवरील अळ्यांत विष साठते, त्या खाऊन आणखी पक्षी मरतात. त्यामुळे कलेवरे त्वरित हलविणे हाच मुख्य उपाय ठरतो. गावच्या तलावाकाठी एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले दिसल्यास, बर्ड फ्लूची शक्यता ध्यानी घेऊन, त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. दुरूनच छायाचित्र घ्यावे, संख्या, स्थळ व वेळ लिहून ठेवावी आणि नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे.