सही जुळली, म्हणून फाइल चालवायची?

एआय एजंटच्या हाती डिजिटल सही तपासण्याचे साधन द्यायचे ठरले, की त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एक सूचना हमखास येते: ‘सही तपासा, जुळली तर फाइल चालवा.’ ‘जुळली’ आणि ‘चालवा’ यांच्यामधली सर्वांत महत्त्वाची पायरी इथे गाळलेली असते. सही जुळली याचा अर्थ एवढाच, की फाइलवर अमुक एका खासगी किल्लीने सही झाली आणि त्यानंतर तिच्यात फेरफार झाला नाही. ती किल्ली कोणाच्या हातात आहे, त्याचा हेतू काय, फाइल चालवल्यावर काय घडेल, यातले काहीही सहीच्या गणितातून कळत नाही. पुरावा हवा असेल तर भरपूर आहे. 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमच्या ड्रायव्हर फाइलींवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या प्रमाणपत्रांनी केलेल्या सह्या होत्या आणि त्या बिनचूक जुळत होत्या. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या संकुचन-साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. त्या आवृत्त्यांवर ‘जिया टॅन’ या नावाने प्रकल्प सांभाळणाऱ्याने स्वतःच्याच किल्लीने सही केली होती. हा प्रकार सही तपासून उघड झाला नाही. एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा अँड्रेस फ्रॉइंड यांनी छडा लावला, म्हणून तो कळला.

आता सह्या तपासणाऱ्या जीपीजी या प्रोग्रॅमचे उदाहरण जवळून पाहू. संगणकावर घेतलेल्या पण खात्री न केलेल्या किल्लीने सही केलेली फाइल तपासली, की आधी ‘गुड सिग्नेचर’ आणि सही करणाऱ्याचे नाव दिसते. त्याखाली इशारा येतो, की ही किल्ली त्याच व्यक्तीची असल्याचा कोणताही पुरावा नाही. शेवटी फिंगरप्रिंट, म्हणजे किल्लीची 40 अंकाक्षरांची पूर्ण ओळख असते. एवढे होऊनही प्रोग्रॅम शून्य हा, म्हणजे ‘सगळे ठीक’ असा, संकेत देऊन थांबतो. माणूस इशारा वाचून निदान चपापतो. शून्यावर बेतलेला एजंट पुढे निघून जातो. किल्लीवर नाव कोणाचेही घालता येते, त्यामुळे नाव पाहून भागत नाही. आठ अक्षरी लघुओळखही पुरत नाही, कारण तशीच लघुओळख असलेली दुसरी किल्ली साध्या संगणकावरही बनवता येते. लिनस टॉरवाल्ड्स यांच्या नावाची अशी बनावट किल्ली 2016 मध्ये आढळली होती. नुसत्या परतीच्या संकेतावर विसंबून सही तपासणे योग्य नाही, हे जीपीजीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच लिहिले आहे. एजंटसाठी डॉक्युमेंटेशन लिहिणारेच ते वाचत नाहीत, याची चीड येते.

यावर सांगितले जाते, की एजंट हुशार आहे, इशारा वाचून तो समजून घेईल. पण पडद्यावरचा मजकूर हा पुरावा नव्हे. 2018 मध्ये उघड झालेल्या सिगस्पूफ या त्रुटीत संदेशात दडवलेल्या फाइलनावातच नव्या ओळी घालून ‘सही बरोबर’ असे खोटे निकाल उमटवता येत होते. निकाल आणि इतर संदेश एकाच वाटेने वाचणारे प्रोग्रॅम त्याला फसत. ही त्रुटी जीपीजीच्या 2.2.8 या आवृत्तीत दुरुस्त झाली, पण धडा कायम आहे: निकाल वेगळ्या स्टेटस वाटेने घ्यावा आणि ‘व्हॅलिडसिग’ ओळीतले पूर्ण फिंगरप्रिंट आधी ठरवलेल्या यादीशी ताडून पाहावे. दुसरा आक्षेप असा, की इतके कडक नियम घातले तर एजंट पावलोपावली अडेल. तसे होत नाही. स्क्रिप्टसाठीच बनवलेले जीपीजीव्ही हे साधन फक्त दिलेल्या संचातल्या किल्ल्या मानते. संचात कोणती किल्ली असावी हे माणसाने एकदा ठरवायचे, रोजची तपासणी मग एजंटने करायची. संचाबाहेरची किल्ली आली तर त्याने थांबलेच पाहिजे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. सहीमुळे मजकूर गुप्त होत नाही, त्यासाठी कूटबद्ध करावे लागते. ई-आधारच्या पीडीएफवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसले म्हणजे कागद खोटा असे नाही. प्रमाणपत्र देणाऱ्यावर विश्वास ठेवावा, असे त्या संगणकाला अजून सांगितलेले नसते. खासगी किल्ली एजंटच्या प्रॉम्प्टमध्ये कधीही ठेवू नये. ती वेगळ्या प्रक्रियेकडे किंवा हार्डवेअर टोकनमध्ये असावी आणि एजंटने फक्त सही मागावी. आणि फाइलवर सही आहे म्हणून तिच्यातल्या सूचना पाळायच्या, असे तर मुळीच नाही.

म्हणून ती एका ओळीची सूचना बदलून अशी लिहावी: ‘सही जुळली आणि फिंगरप्रिंट यादीत असले, तर फाइलवर कोणाच्या किल्लीने सही झाली एवढेच ठरले. ती चालवायची का, हे परवानग्यांच्या नियमांवरून ठरवा. किल्ली यादीत नसेल, तर थांबा आणि माणसाला विचारा.’ पूर्वी अशी संदिग्ध सूचना वाचणारा माणूस गाळलेली पायरी स्वतःच्या अनुभवाने भरून काढत असे. एजंट मात्र लिहिले आहे तेवढेच करील, म्हणून ती पायरी आता लिहावीच लागेल.