बेटावरची रात्र आणि कॅमेरा

नवेगावबांध पूर्वी भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तो तिकडे गेला. पण भंडाऱ्याचा माणूस त्याला अजून आपलाच समजतो, आणि त्यात वावगं काही नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला, असं सांगतात. सभोवार सात टेकड्या, त्यांना लोक सात बहिणी म्हणतात. आणि पाण्यात मालडोंगरी नावाचं बेट. मारुती चितमपल्ली यांच्या वाचकांना हा मुलूख परका नाही.

अशा बेटावर, एखाद्या साध्या झोपडीत, एक रात्र काढावी असं नव्या जोडप्याला वाटलं तर नवल नाही. हा परिसर २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात मोडतो, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी काढावी. ती न मिळाली तर काठावर मुक्काम करावा. फोटोचं काही अडत नाही.

फोटो अडतो तो दुसऱ्याच कारणानं. रात्री झोपडी आणि तारे एकाच चित्रात हवे असतात, अन् आत कंदील भगभगत असतो! तो विझवावा, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवावा आणि रुंद भिंगानं वीसेक सेकंद प्रकाश घ्यावा. त्याहून जास्त घेतला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांचे ठिपके लांबट होतात. रेषाच हव्या असतील तर उत्तरेकडे तोंड करावं. ध्रुव इथे क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर, म्हणजे गावाच्या अक्षांशाइतकाच उंच दिसतो, आणि बाकीचे तारे त्याच्याभोवती फिरतात. मधेच एकानं झोपडीवर क्षणभर टॉर्च फिरवला की ती अंधारातून वर येते. बहुधा कॅमेरा यजमानांकडे आणि टॉर्च बाईंकडे जातो. उलट करून पाहावं, फोटो सुधारतात.

खरी मौज पहाटेची, हिवाळ्यातली. पाणी सावकाश निवतं, हवा मात्र रात्रीत गारठते. पाण्यालगतची उबदार, दमट हवा त्या गारव्यात मिसळली की तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात आणि तलाव धुमसल्यासारखा दिसतो. ऊन चढलं की हे सारं विरतं, म्हणून सूर्याआधी उठायला हवं. इथे कॅमेरा फसवतो. समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं आहे, असं धरून तो प्रकाश मोजतो. त्यामुळे पांढरं धुकं राखेसारखं उतरतं. प्रकाश एक टप्पा वाढवून घ्यावा. परतल्यावर गार कॅमेरा चुलीच्या उबेत लगेच उघडू नये, भिंगावर दव धरतं. पिशवीतच राहू द्यावा.

आता सारसांचं. महाराष्ट्रात हा पक्षी आज मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे. नर-मादी वर्षानुवर्षं एकत्र राहतात, पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा दलदलीत घरटं करतात आणि आळीपाळीनं अंडी उबवतात. अंडी बहुधा दोनच. फोटोसाठी कोणी जवळ सरकलं की जोडी घरट्यावरून उठते, आणि उघडी अंडी कावळ्यांना आयती सापडतात. शेतकरी धान सांभाळून घरटंही सांभाळतो, आणि पाहुणा चिखल तुडवत पुढे जातो, हे मला तरी पटत नाही. लांब पल्ल्याचं भिंग नसेल तर सारस लहानच येऊ द्यावेत: हिरवी बांधी, मागे टेकडी, आणि मधे दोन राखी ठिपके.