मधुमेहाच्या शोधाला पैसा कोण देतो?



मधुमेह हा पूर्वी शहरातील, गादीवर बसणाऱ्या सुखवस्तू लोकांचा आजार समजला जाई. आज तो बांधावर येऊन पोहोचला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची देशभरची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार आपल्या देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा पुष्कळांच्या मनात येते की, या आजाराच्या संशोधनाला परदेशातून एवढा पैसा येतो, मग तो बरा करणारे औषध का निघत नाही? आणि आमच्या दारी येऊन रक्त मागतात, ते कोणासाठी? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे समजून घेण्याचा आपण आज प्रयत्न करू.

हिवताप एका डासाने येतो, देवी एका विषाणूने येत असे. शत्रू एकच असला म्हणजे त्याला गाठणे सोपे जाते. मधुमेह, हृदयरोग, सांधेदुखीचे जुनाट प्रकार, मूत्रपिंडाचे विकार यांचे तसे नाही. त्यांत आनुवंशिकता असते, खाणेपिणे असते, श्रम असतात, आणि काही मुळे तर जन्माच्या आधीच रुजलेली असतात. असा आजार हळूहळू येतो व मरेपर्यंत सोबत राहतो. त्याचे मूळ शोधायचे तर एकाच माणसाकडे पंधरा-वीस वर्षे लक्ष ठेवावे लागते. एवढा काळ पैसा पुरवील कोण?

इंदूरचे उदाहरण

औषधाचा कारखानदार पैसा घालतो तो गोळी विकून परत मिळवण्यासाठी. त्यात गैर काही नाही. परंतु उद्या शोध लागला की, गरोदरपणी मेथीची भाजी व दूध पोटात गेल्याने बाळाचे भले होते, तर तो शोध विकायचा कोणाला? मेथी कोणीही परसात लावू शकतो. ज्या उत्तराची विक्री होत नाही, त्या प्रश्नाला व्यापारी पैसा सहसा मिळत नाही.

ही अडचण इंदूरने शंभर वर्षांपूर्वीच सोडवून दाखवली आहे. १९२४ साली येथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. तिच्या खर्चाचा मोठा भाग भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने उचलला, आणि मध्य भारतातील संस्थानांनीही हातभार लावला. समितीचा पैसा येई कापसावर बसवलेल्या लहानशा उपकरातून. तेथे आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण व मूत मिश्रित माती यांपासून खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली ती पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती देशोदेशी गेली. कंपोस्टचा खड्डा कोणीही खणावा, त्याचे कोणाला देणे नाही. सर्वांच्या उपयोगाचे ज्ञान सर्वांच्या पैशातून निघाले, ते असे.

धर्मादाय निधी म्हणजे काय?

आजारांच्या संशोधनात हेच काम सरकार करते, आणि त्याच्या जोडीला धर्मादाय विश्वस्त निधी करतात. असा निधी नफा वाटून घेत नाही. मूळ रक्कम गुंतवून ठेवायची व तिच्या उत्पन्नातून संशोधनाला अनुदान द्यायचे, अशी त्याची सर्वसाधारण रीत असते. आपण बियाण्याचे दाणे वेगळे काढून ठेवतो व त्यांना हात लावत नाही, तसेच हे.

दोन निधींची माहिती घेऊ. हेन्री वेलकम यांचा जन्म १८५३ साली अमेरिकेत, शेती करून धर्मप्रचार करणाऱ्या माणसाच्या घरी झाला. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी औषधांचा मोठा कारखाना काढला. १९३६ साली ते वारले तेव्हा मृत्युपत्राने त्यांनी कारखान्याचे भाग विश्वस्तांच्या हाती सोपवले व उत्पन्न वैद्यकीय संशोधनाला लावावे असे सांगितले. हाच वेलकम निधी.

दुसरा निधी आपल्या देशातील. मुंबईच्या लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढल्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी यांनी त्यांच्या नावाने निधी स्थापन केला. त्यातून रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या परदेशी शास्त्रज्ञांनाही अनुदान मिळत आले आहे. म्हणजे पैसा फक्त तिकडून इकडे येतो असे नाही, इकडूनही तिकडे गेला आहे. आजाराला देशाची सीमा नसते, तशी ती दानालाही नसावी.

अनुदान मागितले की मिळाले, असे मात्र होत नाही. शास्त्रज्ञाला आपला प्रश्न नेमका काय, तो कसा सोडवणार, किती माणसे, किती वर्षे, किती खर्च, हे सर्व लिहून द्यावे लागते. त्या विषयातले इतर जाणकार अर्ज तपासतात. पुष्कळ अर्ज परत जातात. मंजुरी मिळाली तरी माणसांवरील अभ्यासाला नैतिक समितीची संमती लागते. पैसा हप्त्याहप्त्याने येतो व त्याचा हिशेब द्यावा लागतो. परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेला २०१० च्या कायद्याखाली केंद्र सरकारची परवानगीही लागते.

पुण्याजवळची सहा गावे

अशा पैशातून काय साधते, हे पाहण्यास आपण पुणे जिल्ह्यात जाऊ. १९९३ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधील साउदम्प्टनचे शास्त्रज्ञ त्यांच्या सोबत होते, आणि वेलकम निधीचे अनुदान पाठीशी होते. गावे आपल्यासारखीच शेतकऱ्यांची. २,४०० हून अधिक विवाहित स्त्रियांची मोजमापे गरोदर राहण्याच्या आधीच घेतली गेली. कार्यकर्त्या महिन्या-महिन्याला घरोघर जात. गरोदरपणी आई काय खाते, किती राबते, हे नोंदवले जाई, आणि मूल जन्मले की तीन दिवसांच्या आत त्याचे मोजमाप होई.

ही बाळे सरासरी २.७ किलोची भरली. साउदम्प्टनची बाळे होती ३.५ किलोची. परंतु नवल पुढेच आहे. आपल्या बाळांच्या अंगी मांस कमी होते, चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. दिसायला काटकुळे, पण आत चरबीचा साठा, असे हे मूल. मधुमेहाची तयारी तिथूनच होते, असे यावरून दिसू लागले.

आणखी तीन गोष्टी आढळल्या. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक भरदार होती. ज्या गरोदरपणीही शेतात व पाणी भरण्यात फार राबत, त्यांची बाळे लहान होती. आणि निम्म्याहून अधिक मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांत ब-१२ कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनचे काम सर्वांत मंद आढळले.

मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा सहाशेहून अधिक जणांची पुन्हा तपासणी झाली. मुलग्यांपैकी ३७ टक्के व मुलींपैकी १८ टक्के यांची साखर प्रमाणापेक्षा जास्त होती. बहुतेकांना प्रत्यक्ष मधुमेह नव्हता, ते त्याच्या उंबरठ्यावर होते. आणि या तरुणांपैकी जवळजवळ निम्मे वजनाने कमी होते! तेव्हा ‘मी तर सडपातळ आहे, मला कशाला साखर होते?’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ही माहिती मिळायला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला. चार-दोन वर्षांत नफा पाहणाऱ्या पैशातून ती मिळाली नसती.

‘नाही’ हेही उत्तर

अशा अभ्यासात संबंध दिसतो, पण कारण सिद्ध होत नाही. म्हणून २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडवस्तीत प्रत्यक्ष प्रयोग झाला. त्यालाही वेलकम निधी व इतरांचे साहाय्य होते. साडेसहा हजार स्त्रियांपैकी काहींना गरोदरपणाच्या आधीपासून पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ रोज दिला, इतरांना बटाटा-कांद्यासारख्या वस्तूंचा. सर्वांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्यांनी गरोदर राहण्यापूर्वी निदान तीन महिने खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचे वजन थोडे वाढले. मात्र गरोदरपणातील मधुमेह पहिल्या गटात ७.३ टक्के, तर दुसऱ्यात १२.४ टक्के आढळला.

म्हणजे अनुदानाने एका प्रश्नाचे खरे उत्तर मिळते, मग ते मनासारखे असो वा नसो. बरे करणारी गोळी मिळेलच, असे वचन कोणी देऊ नये आणि दिल्यास आपण त्यावर विश्वास ठेवू नये.

सही करण्यापूर्वी

या पैशाची उणी बाजूही सांगितली पाहिजे. कोणता प्रश्न महत्त्वाचा, हे बरेचदा दूर बसलेले दाते ठरवतात. अनुदान संपले की काम थांबण्याची भीती असते. आणि संशोधनाच्या नावाखाली गरिबाची फसवणूकही होऊ शकते. इंदूरकरांना हे सांगायला नको. औषधांच्या चाचण्या रुग्णांना नीट न सांगता झाल्याच्या तक्रारी येथे झाल्या, आणि २०१२ साली इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्या प्रकरणात न्यायालयाने २०१३ साली रुग्णाची संमती घेताना त्याचे चित्रमुद्रण करावे, असा आदेश दिला.

म्हणून आमचे सांगणे असे आहे की, दार सरसकट लावूही नये आणि डोळे झाकून अंगठाही देऊ नये. कोणी रक्त मागायला आले तर हे विचारावे:

१. पैसा कोणाचा? सरकारचा, धर्मादाय निधीचा की औषध कंपनीचा?
२. नैतिक समितीची संमती आहे काय? कागद आमच्या भाषेत द्याल काय?
३. नुसती तपासणी आहे, की नवे औषध देणार आहात?
४. अपाय झाल्यास उपचार व भरपाई कोण देईल?
५. आमच्या तपासणीचा निकाल आम्हाला कधी कळवाल?

मध्येच नकार देण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि नकार दिल्याने आपले नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. समाधानकारक उत्तरे मिळाली तर मात्र सहकार्य जरूर करावे. वेलकम यांनी संपत्ती दिली हे खरे, पण त्या सहा गावांतील बायकांनी मजुरी बुडवून, रक्त देऊन, पुन्हा पुन्हा दार उघडून जे दिले, ते कोणत्याही अनुदानात मोजलेले नाही.

घरी आजच करण्यासारखे

परसात मेथी, पालक, राजगिरा, शेवगा लावा आणि सगळे दूध डेअरीला न घालता त्यातले थोडे सुनेसाठी ठेवा. ब-१२ दूध, दही, अंडी, मासळी व मांस यांतून मिळते, भाजीपाल्यात ते नसते. गरोदर बाईच्या डोक्यावरील हंडा व भारा घरातील पुरुषांनी उचलावा. फॉलिक आम्लाची गोळी मात्र गरोदरपणी बंद करू नये. ती बाळाच्या मज्जारज्जूच्या वाढीसाठी आवश्यक आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेत असाल तर ब-१२ तपासून घेण्याविषयी डॉक्टरांना विचारा. आणि घरी कोणाला मधुमेह असेल, तर सडपातळ तरुणांचीही साखर एकदा तपासून घ्या.