आहारशास्त्राचे विद्यार्थी आणि परस्पर-मार्गदर्शन

आहारशास्त्र हा विषय बडोदेकरांस नवा नाही. १९४९ साली येथे महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि हंसाबेन मेहता कुलगुरू असतानाच गृहविज्ञानाची शाखा निघाली. ‘स्वयंपाक शिकायला विद्यापीठ कशाला?’ असा प्रश्न अजूनही क्वचित कानी येतो. तो विचारणाऱ्यांनी पहिल्या वर्षाचे जीवरसायनशास्त्राचे पुस्तक एकदा चाळून पाहावे.

परंतु या विषयातील खरी अडचण पुस्तकात नाही. पुस्तक आणि ताट यांच्यामध्ये आहे. एक उदाहरण घेऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांची घटक-कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत तांदळाचे आकडे आहेत ते कच्च्या तांदळाचे. १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३५० कॅलरी मिळतात. रुग्ण मात्र भात खातो आणि शिजल्यावर तांदळाचे वजन जवळजवळ तिप्पट होते. १५० ग्रॅम भात म्हणजे साधारण ५० ग्रॅम तांदूळ, म्हणजे पावणेदोनशे कॅलरी. नवशिकी विद्यार्थिनी भाताच्या वजनाला थेट कोष्टकातला आकडा लावते आणि सव्वापाचशे मांडते. मग रुग्ण फार खातो असे ठरवून ती त्याचा भात तोडते. तो इन्सुलिन घेणारा मधुमेही असेल तर रक्तातील साखर एकाएकी उतरून त्याच्या जिवावर बेतू शकते.

ही चूक प्राध्यापकांपेक्षा वर्ष-दोन वर्षे पुढे असलेली विद्यार्थिनी लवकर हेरते, कारण ती त्याच वाटेने नुकतीच गेलेली असते. अनुभवी शिक्षकाला ती पायरी आता दिसतच नाही. शिवाय मराठी वा गुजराती माध्यमातून आलेली मुलगी भर वर्गात इंग्रजीतून शंका विचारायला बिचकते; ताईला ती निःसंकोच विचारते. घरोघरची वाटी निराळी, तेव्हा ती पाण्याने भरून मापनळीत मोजावी. ‘तेल किती खाता?’ असे न विचारता ‘डबा किती दिवस पुरतो, जेवणारे किती?’ असे विचारावे, या गोष्टी अशाच शेजारी बसून शिकाव्या लागतात.

ही कल्पना जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथगृहात डॉ. अँड्र्यू बेल यांनी मुलांकडूनच मुलांना शिकविले, आणि ती रीत ‘मद्रास पद्धती’ म्हणून इंग्लंडात गेली. विद्यापीठांतील तिचा आधुनिक अवतार १९७३ साली अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत सुरू झाला. तेथे कमकुवत विद्यार्थी निवडले नाहीत, तर अवघड विषय निवडले. त्यामुळे मदतीला येण्यात कोणाला कमीपणा वाटेना. ही युक्ती मला फार मोलाची वाटते.

मर्यादा मात्र पाळावयास हव्यात. ताईने धाकटीची जर्नल लिहून देऊ नये, चूक दाखवावी. रुग्णाचा आहारतक्ता देखरेख करणाऱ्या आहारतज्ज्ञांना दाखविल्यावाचून बदलू नये. आणि कॅलरी मोजता मोजता एखादी मुलगी स्वतःच जेवणाला भिऊ लागली, तर उपदेश करीत न बसता शिक्षकांच्या व डॉक्टरांच्या कानी घालावे. ही जबाबदारी विद्यार्थ्यांच्या खांद्यावर टाकणे योग्य नव्हे.

आपला न्यास शिष्यवृत्त्या देतो. वरच्या वर्गातील शिष्यवृत्तिधारकांनी आठवड्यातून एक तास नव्या विद्यार्थ्यांना द्यावा, अशी विनंती विश्वस्तांनी त्यांना करून पाहावी. रविवारी सकाळी सभागृह रिकामेच असते. एक वजनकाटा आणि दोन मापनळ्या तेवढ्या घ्याव्या लागतील.