थांबणे, लक्षात ठेवणे, बदलणे

‘चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड!’ या खेळात म्हशीचे नाव आले की पहिलीतील अनेक मुलांची बोटे वर जातात. सातवीतील मुले सहसा फसत नाहीत. म्हैस उडत नाही हे पहिलीतल्यांनाही ठाऊक असते. फरक ज्ञानात नसतो, उठू पाहणारे बोट आवरण्यात असतो.

असा आवर, सूचना मनात धरून काम करणे आणि नियम बदलताच वागणे बदलणे या तिन्हींना मिळून मानसशास्त्रज्ञ ‘कार्यकारी क्षमता’ म्हणतात. त्यांत मेंदूच्या कपाळामागील भागाचा मोठा वाटा असतो. या भागाची वाढ सर्वांत उशिरा, पंचविशीच्या आसपास पूर्ण होते.

1990च्या दशकात झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना चित्रांची कार्डे आधी एका नियमाने, मग दुसऱ्या नियमाने लावायला दिली. उदाहरणार्थ, आधी रंगावरून, मग आकारावरून. तीन वर्षांची बहुतेक मुले नवा नियम विचारल्यास बरोबर सांगत, पण कार्डे जुन्याच नियमाने लावत. पाचव्या वर्षापर्यंत हा बदल बहुतेकांना जमतो. ‘कळते पण वळत नाही’ ही या वयाची अवस्थाच आहे, हट्ट नव्हे.

मात्र केवळ वय पुरेसे नाही. कर्जत-खालापूरमधील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर किंवा कोळसाभट्ट्यांवर जातात. मुलांची शाळा मध्येच तुटते. परतलेले मूल वर्गात स्थिर बसले नाही, तर आपण त्याला चटकन ‘चंचल’ म्हणतो. तेच मूल ओढ्यात खेकड्याच्या बिळाशी दम धरून बसू शकते, हे आपण पाहत नाही.

अमेरिकेत रॉचेस्टर येथे झालेला आणि 2013 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे आठवावा. थोडे थांबल्यास दुप्पट खाऊ मिळेल, असे मुलांना सांगितले होते. त्याआधी ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुले सरासरी 12 मिनिटे थांबली. ज्यांना दिलेला शब्द मोडला होता, ती अवघी 3 मिनिटे. म्हणजे थांबणे हे समोरच्यावरील विश्वासावरही अवलंबून असते.

मग वर्गात काय करावे? लहान मुलांना एका वेळी एकच सूचना द्यावी. दिवसाचा क्रम ठरलेला असावा. सागाची आणि पळसाची पाने आधी आकारावरून, मग रंगावरून लावून घ्यावीत. आणि ‘उद्या गोष्ट सांगीन’ असे म्हटले, तर उद्या गोष्ट सांगावीच.